तिथीला पाऊणने गुणा आणि चालू लागा

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ आपल्या पनवेलला सुरू होतो आणि थेट कन्याकुमारीला जाऊन संपतो. सोळाशे किलोमीटरहून लांब रस्ता, आणि त्याचं पहिलं टोक पळस्पे फाट्याला! देशाच्या पश्चिम किनाऱ्याची वाट आपल्या गावातून सुटते, ही किती मोठी गोष्ट. पण एक गंमत आहे. पेण, माणगाव, महाड असा हा महामार्ग रायगड जिल्हा ओलांडतो तो समुद्राला डोंगराआड ठेवूनच. गाडीत बसून गोव्यापर्यंत जा, घरापासचा किनारा तेवढा राहून जातो.

म्हणून माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि मी दिवाळीनंतर पनवेल स्टँडवर अलिबागची एसटी पकडतो आणि पुढे पायी जातो. अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड, मग खाडीपलीकडे दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. एका दमात नाही, तुकड्यातुकड्यात. या वाटेवर चालता चालता जे जे गोळा झालं, त्यातलं निवडक पुढे देते.

पनवेल हेही बंदरच

रेल्वे येण्याआधी मुंबईकराला पुण्याला जायचं तर तो आधी गलबतात बसून पनवेलला यायचा आणि इथून बोरघाट चढायचा. घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना खुला झाला. म्हणजे पनवेलहून समुद्राकडे निघणं म्हणजे नवं काही शोधणं नव्हे, गावाच्या जुन्या धंद्यालाच परत जाणं.

किनारा वाढला, वाळूचा कणही न वाढता

शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असं पाठ केलं. केंद्र सरकारच्या जुन्या नोंदीत तो ६५२.६ होता. नव्या मोजणीत तो झाला ८७७.९७ किलोमीटर! देशाचा किनाराही ७,५१६ वरून ११,०९८ किलोमीटरवर गेला. समुद्र कुठेच सरकलेला नाही, मोजपट्टी बारीक झाली एवढंच. जुना नकाशा मोठ्या पल्ल्याचा, त्यात खाड्या, खाजणं, खडकांची वळणं सपाट झालेली. नव्या नकाशात ती दिसू लागली आणि लांबी वाढली. पट्टी जितकी लहान तितका किनारा लांब, हे गणितातलं प्रसिद्ध कोडं आहे. पावलांनी मोजायला निघालं की ते पायांना आपोआप पटतं.

वेळापत्रक चंद्राकडे

या वाटेवर सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे तिथी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहा वाजता भरती. त्यात सहा तास मिळवा, ओहोटी बाराला. दशमीला साडेसात. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. मिनिटाचा काटा यात नाही, पण मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर चालणाऱ्याला पुरेल इतका नेमका हिशेब आहे. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते, म्हणून पाऊण.

आता याच हिशेबातून चालणाऱ्याची खरी युक्ती निघते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. अगदी उन्हं कोवळी असताना पाणी लांब गेलेलं आणि पायाखाली ओली, घट्ट वाळू! अष्टमीला नेमकं उलटं, ओहोटी भर दुपारी. म्हणून सुट्टी ठरवताना आम्ही रविवार नंतर बघतो, तिथी आधी. मैत्रीण आदल्या रात्री दिनदर्शिका उघडते आणि सांगते, "अगं, उद्या त्रयोदशी. पावणेदहाला पाणी भरणार, पहाटेच निघू या." एक सावधगिरी मात्र हवीच: याच दिवसांत उधाण असतं. पाणी जितकं लांब जातं तितकंच वेगाने परत येतं.

पायी गाठायचा जलदुर्ग

अलिबागचा कुलाबा किल्ला या हिशेबाची पहिली परीक्षा. ओहोटीला चालत जा, भरतीला होडीने. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये याचं काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झालं, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा इथून पसरला. आत गणेश पंचायतनाचं देऊळ आहे आणि भोवती खारा समुद्र असताना गोड्या पाण्याची विहीरही.

ट्रामने अलिबागला पाठवलेली वेधशाळा

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १८५९ चं ते महाप्रचंड सौरवादळ तिथल्या नोंदींत टिपलं गेलं आहे, आणि जगभरचे शास्त्रज्ञ आजही त्या नोंदी अभ्यासतात. मग मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने नाजूक उपकरणं बिघडली असती, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, इमारतीत लोखंड टाळून. ट्राम केव्हाच गेल्या. वेधशाळा अजून काम करते आहे.

हजार वर्षांची ओळ

अलिबागहून दक्षिणेला निघालं की लगेच साखरची खाडी आडवी येते, वळसा घालावा लागतो, आणि मग येतं अक्षी. इथे सापडलेल्या शिलालेखाचा काळ डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा वाचला. अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत, पण हे वाचन धरलं तर आपल्या मराठीचा हा सगळ्यात जुना शिलालेख ठरतो. त्यावर सूर्य-चंद्र कोरले आहेत. दान मोडणाऱ्याला गाढवाचा शाप देणारी गधेगाळही त्याच्याशी जोडलेली आहे. समुद्रावर जाणाऱ्या गर्दीतल्या फार थोड्यांची पावलं इकडे वळतात. वळवा!

वाळूतल्या गोळ्या कुणाच्या?

अक्षी-नागावच्या पुळणीवर ओहोटीला खाली वाका. एक बारीकसं बीळ, आणि त्याच्यापासून चहूबाजूंना सरळ रेघांत मांडलेल्या वाळूच्या इवल्या गोळ्या. हे काम नखाएवढ्या खेकड्याचं. पाणी ओसरलं की तो बाहेर येतो, वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकतो. एकदा चाळलेली वाळू पुन्हा तोंडात येऊ नये याची ही व्यवस्था. पावलाची चाहूल लागली की तो बिळात गडप. दोघी अगदी स्तब्ध उभ्या राहिलो तर थोड्या वेळात तो पुन्हा कामाला लागतो. पुढच्या भरतीत सगळ्या गोळ्या विरघळतात आणि ओहोटीला नव्याने मांडामांड. गाडीतून येऊन गाडीत बसणाऱ्याला हे दिसणं शक्य नाही, कारण त्यासाठी थांबावं लागतं.

वास्को द गामाच्या आधी आलेला रशियन

आज चौल म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्यांतला गारवा आणि रामेश्वराचं देऊळ. पण टॉलेमीच्या भूगोलात हे बंदर आहे. १४६९ मध्ये त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन इराणमार्गे समुद्र ओलांडून इथे उतरला, वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. विकायला बरोबर एक घोडा आणला होता. चौलहून तो घाट चढून जुन्नरला गेला. तिथल्या सुभेदाराने घोडा हिसकावून घेतला, पुढे तो परतही मिळाला. रेवदंड्यात निकितिनचं स्मारक आहे. १५०८ मध्ये इथेच, कुंडलिका खाडीच्या तोंडाशी, पोर्तुगीज आणि इजिप्त-गुजरातच्या आरमारांची लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. रेवदंडा गाव आजही पोर्तुगीजांच्या तटाच्या आत आहे. एसटी तटातूनच आत शिरते.

कोर्लईची भाषा

साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ला चिंचोळ्या डोंगरावर, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, पायथ्याशी दीपगृह. वर चढल्यावर दोन्हीकडचं पाणी एकदम दिसतं, तिथे कितीही वेळ बसलं तरी कमीच वाटतं.

पण कोर्लईचं खरं अप्रूप खाली गावात आहे. पोर्तुगीजांनी हा मुलूख १७४० मध्ये सोडला. त्यांच्या किल्ल्याच्या आसऱ्याने राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली मात्र गेली नाही. बोलणारे हजाराच्या आसपास. तिला ते 'नो लिंग' म्हणतात. पोर्तुगीज शिकवणारी शाळा नाही, गोव्यासारखा आधार नाही, भोवती सगळीकडे मराठी. ही माणसं बाहेर मराठी आणि घरात आपली बोली असं पिढ्यान्‌पिढ्या करत आली. जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांनी या एवढ्याशा गावावर संशोधन केलं आहे. पनवेलपासून शंभरएक किलोमीटरच्या आत एक अख्खी भाषा राहते, आणि ती आपल्यातल्या बहुतेकांच्या कानावरूनही गेलेली नाही, याची मला चुटपुट लागून राहिली आहे. बोली टिकायच्या तर आधी शेजाऱ्यांना त्यांची माहिती हवी.

सुरू आपला नव्हे, शेकरू आपली

काशीदच्या किनाऱ्याला सावली देणारं सुरूचं झाड मूळचं ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवरचं. त्याच्या पाठीशी फणसाडचं जंगल मात्र अस्सल इथलं. जंजिऱ्याच्या नवाबाची ही शिकारीची जागा. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू इथे झाडांच्या शेंड्यांवरून फिरते. पायात जोर असेल तर एक दिवस समुद्राकडे पाठ करून इकडे द्या.

आम्ही चालतो त्याच थंडीच्या दिवसांत पोपटीचा हंगाम असतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. दिवसभर चालून आल्यावर शेतावर बसून ती गरम गरम सोलून खावी.

चुना राहिला, दगड झिजला

मुरूडला सगळे जंजिरा बघतात, आणि बघावाच. राजपुरीहून शिडाची होडी अगदी जवळ जाईपर्यंत त्याचा दरवाजा दिसतच नाही. आत गोड्या पाण्याची तळी आणि कलालबांगडी तोफ. पण जंजिऱ्यावर वचक म्हणून शिवाजी महाराजांनी समोरच्या कासा खडकावर बांधलेला पद्मदुर्ग निरखून बघा. तटाचे दगड तीनशे वर्षांच्या लाटांनी आत आत झिजले आहेत, आणि त्यांना जोडणारा चुना जशाचा तसा उभा आहे! मधाच्या पोळ्यासारखी भिंत दिसते: दगडाच्या जागी खळगे आणि चुन्याच्या कडा. घाण्यात मळलेला चुना दगडाला भारी पडला. ज्या गवंड्यांनी तो कालवला त्यांची नावं कुठे नाहीत, पण त्यांचा हात अजून दिसतो. जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावण्याचं धाडस करणाऱ्या लाय पाटील या कोळ्याला महाराजांनी पालखी दिली, दर्यावरच्या माणसाला तिचा काय उपयोग म्हणून त्याने ती नाकारली, आणि मग 'पालखी' नावाचं गलबतच त्याला मिळालं, असं सांगतात.

खाडीपलीकडे

आगरदांड्याहून जंगलने, म्हणजे मोटारी वाहणाऱ्या बोटीने, दिघीला उतरायचं. दिवेआगरला १९९७ मध्ये पोफळीच्या वाडीत सोन्याच्या गणपतीचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये चोरीला गेला, २०२१ मध्ये पुन्हा स्थापन झाला. श्रीवर्धनचा रोठा नामांकित, सुपारीचे शौकीन त्याच्यासाठी वाट वाकडी करतात. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा डोंगराच्या भेगेतून खाली समुद्रात उतरते आणि लाटांनी कोरलेल्या खडकांवरून फिरते. ती फक्त ओहोटीला. इथे लाटांनी माणसं ओढून नेली आहेत, तेव्हा पाऊणचा हिशेब करून शिवाय गावातही विचारून मगच उतरा.

श्रीवर्धन भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव. बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडली की वेसवी, बाणकोट आणि तिथून जवळच वेळास. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेच वेळास, आणि नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं मूळ गावही तेच. जंजिऱ्याच्या सिद्दीचा जाच सुरू झाला तेव्हा बाळाजीपंत आणि वेळासचे भानू बंधू बरोबरच हा किनारा सोडून घाटावर निघाले. वाटेत बाळाजीपंतांनी शब्द दिला की जी भाकरी मिळेल तिच्यातली चतकोर तुमची, अशी कथा आहे. पुढे पेशवाई भटांकडे आली आणि फडणिशी भानूंकडे.