परिचर्येची पदवी : खर्च आणि वेतन

मुदत. जीएनएम ही पदविका ३ वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी ४ वर्षांची. पदविकाधारकास २ वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने पदवी मिळविता येते; आधी कमाई आणि मग उच्च शिक्षण अशी ही वाट अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांनी अवश्य विचारात घ्यावी. राज्य परिचर्या परिषदेची नोंदणी दोहोंसही अनिवार्य.

खर्च. शासकीय महाविद्यालयाचे शुल्क खाजगी संस्थेच्या मानाने अत्यल्प असते. तथापि वसतिगृह, भोजन, गणवेश, पुस्तके व प्रात्यक्षिकांसाठीचा प्रवास यांची रक्कम शुल्काच्या आकड्यात बहुधा धरलेली नसते, आणि म्हणून ती हिशेबात स्वतंत्रपणे मांडावी लागते.

कर्ज. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्जयोजनेत ४ लाख रुपयांपर्यंत तारण मागितले जात नाही. हप्ते अभ्यासक्रमानंतर सुरू होतात, परंतु व्याजाची आकारणी त्याआधीपासूनच चालू असते.

वेतन. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्रीय सेवेतील नर्सिंग ऑफिसरचे प्रारंभीचे मूळ वेतन दरमहा ४४,९०० रुपये (स्तर ७), भत्ते निराळे. खाजगी इस्पितळांतील तुटपुंज्या मेहनतान्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशानुसार केंद्राने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या इस्पितळातही दरमहा किमान २०,००० रुपये, तर २०० हून अधिक खाटांच्या इस्पितळात राज्य शासनाइतके वेतन द्यावे, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांच्या अखत्यारीत.

भेद. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदास पदवीधर थेट पात्र ठरतो, पदविकाधारकास मात्र ५० खाटांच्या इस्पितळातील २ वर्षांचा अनुभव लागतो; नियुक्तीनंतर वेतनस्तर दोघांचाही एकच.