खोकला नाही, श्वास मोजा

खोकला ऐकू येतो, म्हणून घरचे खोकल्याकडे लक्ष देतात. आपण मात्र छातीकडे बघायचं.

पालेगावात घरभेटीला गेलो की आई म्हणते, "एमआयडीसीच्या धुरानं सर्दी झालीय." असेलही. तरी बाळ शांत असताना झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, पण तान्ह्याचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांपर्यंत 40. एवढे किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका धरायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं. अगदी तान्हं असेल तर पुन्हा एकदा मोजून बघायचं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं याच कामासाठी मण्यांचं साधं यंत्र केलं. वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. जास्त मोजता येत नसलं तरी जमतं!

आजी "पोट उडतंय" म्हणाली, तर हसण्यावारी नेऊ नका. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का, ते बघा. बाळ कण्हतंय, दूध ओढत नाही, ओठ निळसर पडलेत, तर थेट 108. गाडी येईपर्यंत बाळाला उभं धरा, नाक मोकळं ठेवा. उकळत्या पाण्याची वाफ नको, पोरं भाजतात.