आयसीयूतले अर्धोन्मीलित डोळे

आयसीयूतून बाहेर आलेले नातेवाईक हमखास सांगतात, ‘डोळे किलकिले होते, मला ओळखलं असणार.’ बहुतेक वेळा ती ओळख नसते. गुंगीची आणि स्नायू सैल करणारी औषधं चालू असली की पापण्या मिटणारा स्नायूही ढिला पडतो आणि पापण्यांत फट राहते. एरवी आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापणी लववतो आणि दरवेळी अश्रूंचा थर डोळ्यावर फिरतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं हे लवणंच थांबलेलं असतं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. प्राणवायू मिळतो तो बराचसा अश्रूंतून. हा पडदा सुकला की सोलवटतो, आणि हे पहिल्याच आठवड्यात होऊ शकतं. शुद्धीतला माणूस ‘डोळ्यात खुपतंय’ म्हणून ओरडला असता. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन बिघडला तर मॉनिटर ओरडतो. डोळ्यासाठी तशी सोय नाही.

खरा धोका सक्शनच्या वेळी असतो. घशातल्या ट्यूबमधला कफ ओढून घेतल्यावर सक्शनची नळी चेहऱ्यावरून बाहेर नेली, तर कफाचे बारीक तुषार उघड्या डोळ्यांत पडतात. त्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू असला आणि पडदा आधीच सोलवटलेला असला, तर एक-दोन दिवसांत भोक पडण्यापर्यंत वेळ येते. रुग्ण बचावतो, पण डोळ्यात फूल पडतं. म्हणून सक्शन बाजूला उभं राहून, रुग्णाचे डोळे झाकून करायचं. एवढ्या साध्या गोष्टीला खर्च शून्य!

ट्यूबची पट्टी मानेभोवती करकचून बांधली तरी डोळ्याचा पांढरा भाग सुजतो, पापणी आणखीच मिटत नाही. कोविडमध्ये रुग्णांना तासन्‌तास पालथं झोपवावं लागलं. त्यात डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून डोळा उशीवर दबलेला नाही ना, हे बघावंच लागतं.

ब्रिटनमधल्या नेत्रतज्ज्ञांच्या आणि अतिदक्षता डॉक्टरांच्या संघटनांनी 2017 साली दिलेल्या सूचना सोप्या आहेत. सिस्टरने टॉर्च घेऊन बघायचं. पापण्या पूर्ण मिटलेल्या असतील तर स्वच्छता पुरे. फटीतून पांढरा भाग दिसत असेल तर ठरल्या वेळी डोळ्याचं मलम. बुबुळच दिसत असेल तर मलम लावून पापणी हलकेच टेपने बंद. पापणी न मिटता वर नुसता गॉज ठेवणं मात्र वाईट. तो बुबुळावर घासतो. काही ठिकाणी पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म लावून आत ओल टिकवतात, तीही चांगली चालते.

नातेवाइकांनी घरून आणलेलं गुलाबपाणी डोळ्यात घालू नये. ‘डोळ्यांना मलम चालू आहे का?’ असं सिस्टरना विचारायला संकोच नको. ड्युटीच्या धबडग्यात ती आठवण त्यांनाही हवी असते. आणि बुबुळावर पांढुरका ठिपका किंवा लाल डोळ्यात पू दिसला, तर नेत्रतज्ज्ञांना त्याच दिवशी बोलवायला सांगावं.