मे महिन्यातली पहाट आणि हॅलेची धूळ : मालवण किनाऱ्यावरून उल्कावर्षाव



उल्कावर्षाव म्हटलं की दरवर्षी मोबाईलवर एकच तारीख फिरते : १२-१३ ऑगस्ट. ययाती तारकासमूहातल्या पर्सिड्सचा वर्षाव. युरोप-अमेरिकेत तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते. लोक डोंगरावर जातात, तळ्याकाठी पथारी टाकतात. आपल्याकडे तेव्हा काय असतं? श्रावणसरी! एका ऑगस्टमध्ये आम्हीही हौसेने मुलांना घेऊन किनाऱ्यावर जाऊन बसलो होतो. रात्रभर अंगावर वर्षाव झाला खरा, पण तो पाण्याचा. मुलं हिरमुसली. त्यातल्या एकीने विचारलं, "मग आपल्या उन्हाळ्यात काहीच पडत नाही का?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर आहे : पडतं. आपला उन्हाळा मे महिन्यात असतो, आणि त्याच वेळी हॅलेच्या धूमकेतूची धूळ पृथ्वीवर येते. हा ईटा अॅक्वेरिड्सचा, म्हणजे कुंभ राशीतल्या ईटा ताऱ्याजवळून आल्यासारखा दिसणारा वर्षाव. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत तो थोडाथोडा चालू असतो. त्याचा जोर ५-६ मेच्या आसपास असतो.

आता मुळात हे होतं कसं ते पाहू. धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याचा बर्फ उडून जातो आणि त्यात अडकलेली धूळ मोकळी होते. ही धूळ धूमकेतूच्या वाटेवर पसरत राहते. हॅले साधारण ७६ वर्षांनी येतो. मागच्या खेपेला १९८६ साली आला होता, आता २०६१ साली येईल. म्हणजे आज या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांना तो भेटणार नाही. पण त्याची धूळ दरवर्षी भेटते, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑक्टोबरमध्ये. ऑक्टोबरमधल्या वर्षावाला ओरायनिड्स म्हणतात. आज रात्री जो कण तुमच्या डोक्यावर जळेल, तो हॅलेपासून कित्येक शतकांपूर्वी सुटलेला असतो.

कण केवढा? बहुतेक वेळा वाळूच्या दाण्याएवढा, फार तर मोहरीएवढा. मग एवढा उजेड कसा पडतो? वेगामुळे. हे कण सेकंदाला सुमारे ६६ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात. मालवण ते मुंबई सरळ रेषेत अंदाजे ३३० किलोमीटर आहे. त्या वेगाने पाच सेकंदांत मुंबई! एवढ्या वेगात समोरची हवा दाबली जाऊन तापते, कणाची वाफ होते, आणि आपल्याला रेघ दिसते. ही रेघ आपल्यापासून शंभरेक किलोमीटर उंचीवर असते, म्हणजे मालवणपासून कोल्हापूर जितकं लांब, साधारण तितकी वर. आमच्याकडे म्हणतत, "तारो तुटलो." तारा मात्र जागच्या जागी असतो.

हा वेग इतका जास्त का? एसटीच्या लाल डब्यातून पावसात गेला असाल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. पाऊस सगळीकडे सारखाच पडत असतो, पण पुढच्या काचेवर तो सपासप बसतो, मागच्या काचेवर कमी. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने धावते. हॅलेची धूळ तिच्या उलट दिशेने येते, म्हणून टक्कर जवळजवळ समोरासमोर होते. आणि पृथ्वीची "पुढची काच" म्हणजे पहाटेची बाजू. त्यामुळे रात्री दहा वाजता बसून हा वर्षाव दिसत नाही. मालवणला त्या दिवसांत उल्का जिथून येताना दिसतात तो बिंदू रात्री दोन-सव्वादोनला पूर्वेला उगवतो. पावणेपाचच्या सुमारास झुंजुमुंजू व्हायला लागतं. तेव्हा वेळ लक्षात ठेवा : तीन ते पावणेपाच.

इथे मालवणचा एक फायदा आहे. आपण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. लंडनसारख्या ठिकाणी तो बिंदू जेमतेम वर येतो तोच उजाडतं. आपल्याकडे उजाडण्याआधी तो चांगला ३५ अंशांच्या वर चढलेला असतो. म्हणजे ऑगस्टचा वर्षाव त्यांचा, तर मेचा आपला, असं म्हणायला हरकत नाही.

आता आकड्यांबद्दल सावध करतो, कारण इथेच लोकांचा हिरमोड होतो. "तासाला ५० उल्का" असं छापून येतं. तो आकडा आदर्श परिस्थितीचा असतो : उगमबिंदू डोक्यावर, आभाळ काळंकुट्ट, ढग नाहीत. आपल्याकडे बिंदू डोक्यावर नसतो, आणि मे महिन्यात हवेत दमटपणा, कधी मळभ. गावाच्या दिव्यांपासून लांब बसलात तर तासाला पंधरा-वीस दिसल्या तरी रात्र चांगली गेली म्हणा. बाजारपेठेजवळ चार-पाच. चंद्रही पाहावा लागतो. २०२६ साली बुद्धपौर्णिमा १ मेला आहे, म्हणजे ५-६ तारखेच्या पहाटे चंद्राचा उजेड आडवा येतो. २०२७ साली मात्र ६ मेलाच अमावास्या आहे. ती तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.

बसायचं कुठे? धामापूरचा तलाव सुंदर आहे, पण काठाला दाट झाडी, आभाळ कमी दिसतं. आंबोली जवळजवळ ७०० मीटर उंचीवर, पूर्वेला मोकळी. तिथे फक्त धुक्याचा भरवसा नाही. तारकर्ली-देवबागची किनारपट्टी पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि उगमबिंदू पूर्वेला, माडांच्या मागे. मग किनारा बाद? मुळीच नाही. बिंदू क्षितिजालगत असतो तेव्हा काही कण वातावरणाला तिरके घासत जातात. अशा उल्का माडांच्या शेंड्यांवरून निघून डोक्यावरून थेट समुद्राच्या दिशेने लांबच लांब जातात. संख्येने थोड्या, पण एक दिसली तरी जन्मभर आठवते. तीनच्या सुमारास त्यांची वाट पाहावी.

दुर्बीण नको. चटई टाकून आडवं व्हायचं, अर्धा तास मोबाईल बंद, डोळे अंधाराला सरावू द्यायचे. दक्षिणेला वृश्चिकापासून श्रवणापर्यंत आकाशगंगा दिसली की समजायचं, डोळे तयार झाले. पूर्वेला भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा. त्याच्या उजव्या बाजूला आपला बिंदू. रेघ मागे वाढवली आणि ती तिथे पोहोचली, तर कण हॅलेचा. दर पंधरा मिनिटांना किती दिसल्या, ढग किती होते, वहीत लिहा. शून्य दिसल्या तर शून्य लिहा, तीही नोंदच असते. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना अशा हौशी नोंदी स्वीकारते.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. हे सगळं अंधारावर अवलंबून आहे, आणि आपला अंधार कमी होतोय. किनाऱ्यावर प्रखर दिवे येताहेत. समुद्रात एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली, तरी त्यावरून पारंपरिक मच्छीमारांचा संघर्ष संपलेला नाही. त्यांच्यासाठी तो पोटाचा प्रश्न आहे. वायंगणी, तांबळडेगच्या वाळूत ऑलिव्ह रिडलेची पिल्लं बाहेर पडतात तेव्हा ती उजळ क्षितिजाकडे चालतात. ते क्षितिज समुद्राचं असायला हवं, हॉटेलचं नव्हे. म्हणजे रापणकार, कासव आणि आकाश पाहणारे आपण, तिघांचंही एकाच गोष्टीवर भागतं.

दिवे नकोत असं आम्ही म्हणत नाही. दिव्याला वरून झाकण असावं, उजेड खाली पडावा, आणि मध्यरात्रीनंतर गरज नसलेला दिवा मालवावा. एवढं ग्रामसभेत मांडायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नाही.

त्या हिरमुसलेल्या मुलीला आम्ही पुढच्या मे महिन्यात पुन्हा नेलं. पावणेदोन तासांत तिने अकरा मोजल्या. वहीत शेवटी लिहिलं होतं : "एक समुद्रावर गेली." तुम्हीही जा, आणि मोजा.