हिंवाळ्यांतील ब्राइस कॅन्यन

वाळवंट म्हटलें कीं तापलेली वाळू, उंटांची रांग आणि घशाला पडलेली कोरड हींच चित्रें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु वाळवंटाची खरी खूण उष्णता नव्हे. पाण्याचें दुर्भिक्ष्य हीच होय. जेथें पाऊस थोडा, हवा कोरडी, आणि दिवसाची ऊब रात्रीं धरून ठेवील असें ढगांचें पांघरूण आकाशाला नाहीं, तेथें हिंवाळ्यांत बर्फहि पडतो, आणि बर्फ पडला तरी त्या भूमीचें वाळवंटपण सुटत नाहीं. अमेरिकेंतील युटा संस्थानाच्या नैर्ऋत्य भागांत असा एक उंच, कोरडा, खडकाळ मुलूख आहे. ब्राइस कॅन्यन नांवाचें राष्ट्रीय उद्यान तेथेंच आहे. ऐन हिंवाळ्यांत मोटारीनें तेथें जाणारा प्रवासी थंडीच्या नांवानें बोटें मोडतो. पण जें पाहण्यासाठीं तो आलेला असतो तें त्या थंडीनेंच घडविलेलें आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते.

हा प्रवास बहुधा नेवाडा संस्थानांतील लास व्हेगास शहरापासून सुरू होतो. अंतर अडीचशें मैलांच्या वर, रस्ता उत्तम, हवा निवळ असल्यास चार-साडेचार तासांत मोटार मुक्कामाला पोंचते. पण खरी गंमत अंतराची नसून चढाची आहे. लास व्हेगास समुद्रसपाटीपासून सुमारें २,००० फुटांवर वसलें आहे, तर ब्राइसचा कडा ८,००० पासून ९,१०० फुटांपर्यंत उंच आहे. आपलें कळसूबाईचें शिखर ५,४०० फुटांचें. तें या कड्याशेजारीं उभें केलें तरी अडीच हजारांहून अधिक फूट खालींच राहील. दर हजार फुटांच्या चढाला हवा साधारणपणें दोन अंश सेल्सिअसनें थंड होते, हा शाळेंतला हिशेब या रस्त्यावर पुस्तकांतून बाहेर पडून अंगाला झोंबूं लागतो. सकाळीं कोट मागच्या पेटींत टाकून निघालेली मंडळी दुपारीं गाडी थांबवून तो शोधूं लागते. डिसेंबर-जानेवारींत ब्राइसला रात्रीचें तपमान शून्याखालीं दहा-बारा अंशांपर्यंत उतरणें हें नित्याचेंच आहे.

व्हर्जिन नदीच्या अरुंद घळींतून, ॲरिझोना संस्थानाचा कोपरा ओलांडून रस्ता युटांत शिरतो. येथें घड्याळ एक तास पुढें करावें लागतें. आणि हिंवाळ्याचा दिवस आधींच तोकडा, सूर्य पांचाच्या सुमारास मावळणारा, त्यामुळें हा गेलेला तास बेसावध माणसाला चांगलाच भोंवतो. अंधार पडला कीं रस्त्यावर हरणें येतात, आणि दिवसा वितळलेलें पाणी डांबरावर पुन्हां गोठून त्याचा पातळ थर जमतो. त्या थराला तिकडचे लोक ‘काळा बर्फ’ म्हणतात. तो काळा नसतो. आरपार दिसणारा असल्यामुळें खालच्या रस्त्याचाच रंग त्याला येतो, आणि म्हणूनच तो ओळखूं येत नाहीं. मोटारींत पांघरूण, फावडें व पिण्याचें पाणी ठेवावें आणि पेट्रोलची टाकी निम्म्याखालीं जाऊं देऊं नये, असा तिकडील जाणत्यांचा सल्ला असतो, तो उगाच नव्हे.

वाटेंत झायनचें राष्ट्रीय उद्यान लागतें. तेथील प्रचंड दरी व्हर्जिन नदीनें कापली आहे, आणि दरीच्या पूर्वेकडील डोंगर पोखरून १९३० सालीं मैलाहून थोडा लांब असा बोगदा रस्त्यासाठीं खुला करण्यांत आला. झायनविषयीं सांगण्यासारखें पुष्कळ आहे. परंतु येथें एवढेंच लक्षांत ठेवावयाचें कीं ती नदीची करणी आहे. बोगद्यापलीकडे रस्ता उत्तरेस वळतो, मग पूर्वेस. रेड कॅन्यन नांवाच्या लाल खडकांच्या खिंडींत तो दोन ठिकाणीं खडकाच्या कमानींखालून जातो, आणि पाइन वृक्षांच्या सपाट माळावर येतो. पुढें कांहीं अद्भुत असेल अशी पुसट सूचनाहि तो माळ देत नाहीं. मोटार थांबवून बर्फांतून चार पावलें टाकावीं, तों एकाएकीं जमीन संपते. खालीं शेंकडों फूट खोल अर्धवर्तुळाकार दरींत लाल, नारिंगी, पिवळे व पांढरे हजारों दगडी खांब दाटीनें उभे असतात. कोणी देवळाच्या शिखरासारखा, कोणी दीपमाळेसारखा, तर कोणी डोक्यावर धोंडा घेतलेल्या हमालासारखा. हिंवाळ्यांत प्रत्येकाच्या माथ्यावर व खांद्यावर पांढरा बर्फ बसलेला असतो, आणि त्यामुळें खालचा लाल रंग अधिकच पेटल्यासारखा दिसतो. या खांबांना इंग्रजींत ‘हूडू’ म्हणतात.

येथील मूळच्या पायूट लोकांत अशी एक कथा आहे कीं हे सारे पूर्वींचे प्राणी असून त्यांच्या दुर्वर्तनामुळें कोल्ह्यासारखें रूप असलेल्या दैवतानें त्यांना शिळा करून टाकलें. अहल्येची कथा ऐकून वाढलेल्यांना ही कल्पना परकी वाटणार नाहीं. ब्राइस हें नांव मात्र एबेनेझर ब्राइस या स्कॉटलंडांत जन्मलेल्या सुताराचें. तो १८७० नंतरच्या दशकांत या दरीच्या पायथ्याशीं राहिला आणि १८८० मध्यें ॲरिझोनाकडे निघून गेला. येथें गाय हरवली तर मोठी पंचाईत, एवढाच अभिप्राय त्यानें या देखाव्यावर दिला असें सांगतात. ज्याला गाय शोधावयाची आहे त्याला सौंदर्य दिसत नाहीं, यांत त्या बिचाऱ्याचा दोष तो काय!

नांवांतील ‘कॅन्यन’ हा शब्द मात्र फसवा आहे. कॅन्यन म्हणजे नदीनें कापलेली खोल दरी. येथें तशी एकहि मोठी नदी नाहीं. ही एका पठाराची झिजत चाललेली पूर्वेकडील कड आहे. सुमारें पांच कोटि वर्षांपूर्वीं या जागीं विस्तीर्ण सरोवर होतें. त्याच्या तळाशीं चुनखडी, गाळ व चिखल थरावर थर साचत गेले; त्यांतील लोहाच्या गंजानें तांबडा व पिवळा रंग आणला, मँगनीजनें जांभळी छटा दिली. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण याहूनहि वयस्क, सुमारें साडेसहा कोटि वर्षांचा आहे, हें जातां जातां सांगण्यासारखें आहे. पुढें भूगर्भांतील हालचालींनीं हा सारा प्रदेश वर उचलला गेला, आणि त्या ताणानें खडकाला उभ्या भेगा पडल्या.

थंडीचें काम या भेगांत चालतें. पाणी गोठलें म्हणजे सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें. पाण्यानें कांठोकांठ भरून बूच लावलेली कांचेची बाटली शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यांत विसरली गेली तर काय होतें हें पुष्कळ गृहिणींना ठाऊक आहे. दिवसा उन्हानें बर्फ वितळतो, पाणी भेगेंत झिरपतें, रात्रीं तेथें गोठतें आणि पाचर ठोकावी तशी भेग किंचित् रुंदावतें. दुसऱ्या दिवशीं तेंच पाणी पातळ होऊन थोडें अधिक खोल जातें. येथें कडाक्याच्या थंडीला तितकें महत्त्व नाहीं; थंडीच्या ये-जा करण्याला आहे. महिनोन् महिने गोठलेल्या प्रदेशांत बर्फ एकदां बसला कीं बसूनच राहतो, आणि उष्ण प्रदेशांत तो जमतच नाहीं. ब्राइसच्या उंचीवर कोरडी हवा व निरभ्र आकाश यांमुळें दिवसा ऊन लागतें आणि सूर्य मावळतांच सारी ऊब आकाशांत निघून जाते. वर्षांतील जवळजवळ निम्मे दिवस येथें तपमान गोठणबिंदूच्या दोन्ही बाजूंना हेलकावे खातें. म्हणजे वाळवंटाचा कोरडेपणा आणि डोंगराची थंडी या दोघांच्या भागीदारींत हा कारखाना चालला आहे. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या पहाटे दंव गोठलें तर त्याची वर्तमानपत्रांत बातमी होते. येथें तें रोजचें काम आहे.

या पाचरींनीं कडा फुटत जाऊन आधीं उभ्या पातळ भिंती तयार होतात. भिंतींना खिडक्या पडतात. खिडकीचा माथा ढासळला कीं मागें सुटे खांब राहतात. वरचा थर कठीण असेल तर तो छत्रीसारखा खालच्या मऊ दगडाचें रक्षण करतो. पावसाचें किंचित् आम्ल पाणी चुनखडी विरघळवून कडा गोल करतें, आणि उन्हाळ्यांतील वादळी सरी पडलेला चुरा वाहून नेतात. शेवटीं खांबहि पडतो. पण तोंवर कडा मागें सरून नवे खांब कोरले जात असतात. ही पिछेहाट शंभर वर्षांत सरासरीनें दोन ते चार फूट होते असा अंदाज आहे.

१९२३ मध्यें या जागेला सरकारी संरक्षण मिळालें आणि १९२८ मध्यें ती राष्ट्रीय उद्यान झाली. झाड तोडणाऱ्याला, दगड उचलणाऱ्याला कायदा अडवितो. थंडीला कसा अडविणार? खांबांना चुन्या-सिमेंटाचा आधार द्यावा असें एखाद्या हळव्या प्रेक्षकाला वाटेलहि, परंतु तसें केल्यास जें जपावयाचें तेंच थांबेल. म्हणून व्यवस्थापक माणसांना आवरतात आणि दगडांना त्यांच्या मार्गानें जाऊं देतात. उंच भिंतींमधून जाणारी ‘वॉल स्ट्रीट’ नांवाची अरुंद पायवाट ते दर हिंवाळ्यांत बंद करतात, कारण भेगांत गोठण्या-वितळण्याचा खेळ चालू असतां दगड केव्हां सुटेल याचा नेम नसतो. २००६ सालीं तेथें मोठी दरड कोसळलीहि होती. हिंवाळ्यांत आलेल्या प्रवाशाला त्या वाटेवरची पाटी वाचून हिरमुसल्यासारखें होतें. त्यानें कड्यावरच थांबून सकाळचें पहिलें ऊन खांबांवर पडूं द्यावें आणि कान देऊन ऐकावें. रात्रभर बर्फानें धरून ठेवलेला एखादा खडा सुटून खालीं घरंगळत गेल्याचा बारीकसा आवाज त्या शांततेंत येतो. वाट कशासाठीं बंद आहे हें त्या आवाजानें पाटीपेक्षां चांगलें समजतें.

दक्षिण टोंकाच्या रेनबो पॉइंटकडे जाणारा अठरा मैलांचा रस्ता बर्फवृष्टीच्या वेळीं तिसऱ्या मैलापाशीं बंद ठेवतात आणि बर्फ उपसून झाल्यावर उघडतात. म्हणून एक दिवस हाताशीं राखून जाणें बरें. त्या टोंकाला हजार वर्षांहून जुने ब्रिसलकोन पाइन वृक्ष आहेत. कड्याच्या अगदीं कांठावरचे कांहीं पाइन तर असे दिसतात कीं त्यांचीं मुळें पुरुषभर उंच उघडीं पडलीं आहेत आणि झाड त्या मुळांवर, पायांवर उभें राहावें तसें उभें आहे. तें रुजलें तेव्हां त्या मुळांभोंवतीं माती होती.