मुखातील न भरणारा व्रण व पेशींची अनिर्बंध वाढ

सुश्रुतसंहितेत अर्बुदाचे वर्णन सावकाश वाढणारे, खोल मूळ असलेले व न पिकणारे असे आहे. या वाढीचे कारण आधुनिक विज्ञान पेशीच्या केंद्रकात शोधते. जनुकांत दोष निर्माण झाल्यास पी-५३ हे प्रथिन पेशीचे विभाजन रोखते. दोष दुरुस्त होण्याजोगा नसेल, तर त्या पेशीस नाशाकडे नेते. तंबाखू व सुपारी यांच्या नित्य सेवनाने गालाच्या आतील पेशींत या प्रथिनाचेच जनुक बिघडले, की सदोष पेशीही विभागत राहतात. मात्र एका बिघाडाने कर्करोग होत नाही. असे अनेक बिघाड वर्षानुवर्षे साठावे लागतात. या मधल्या काळात पुष्कळदा पांढरा चट्टा दिसतो, अथवा तोंड पुरते उघडत नाही. प्रत्येक चट्टा कर्करोगात परिणत होत नाही, हे खरे. परंतु वैद्याच्या हाती असलेला काळ हाच. (नुसती सुपारीही कर्करोगजनक ठरली आहे, म्हणून ‘तंबाखू खात नाही’ या उत्तरावर आम्ही विसंबत नाही.) एकच ग्राहक तोंडातील व्रणासाठी पुनःपुन्हा खदिरादी वटी नेत असेल, तर औषधालयचालकांनी त्यास वैद्यांकडे धाडावे. तीन आठवड्यांत न भरलेल्या व्रणावर आम्ही औषधे बदलून पाहत नाही. रुग्णास बायॉप्सीसाठी पाठवितो.