प्रत आहे, पण उघडते का?

संगणकातील माहितीची प्रत, म्हणजे बॅकअप, काढून ठेवावी हे आपण सारेच जाणतो. पण प्रत असणे आणि तिच्यावरून काम पुन्हा सुरू करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिटलॅब या कंपनीच्या उदाहरणावरून हा फरक पाहू. जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपले काम या कंपनीच्या संगणकांवर ठेवतात.

३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील मुख्य माहितीसाठा आणि त्याची दुसऱ्या सर्व्हरवरील नक्कल यांचा मेळ तुटला. नक्कल नव्याने करण्यासाठी तिचा साठा पुसायचा होता. तंत्रज्ञाने पुसण्याची आज्ञा दिली, ती नेमकी मुख्य सर्व्हरवर. चूक लगेच ध्यानात आली. पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी ४.५ गिगाबाइट माहितीच उरली होती.

मग प्रतींचा शोध सुरू झाला. दुसऱ्या सर्व्हरवरील नक्कल आधीच पुसलेली होती. रोजचा बॅकअप जिथे जमा व्हायचा, ती जागा रिकामी निघाली. साठा पोस्टग्रेस प्रणालीच्या ९.६ आवृत्तीचा होता, तर प्रत काढणारा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा वापरला जात होता. त्यामुळे तो दर वेळी बंद पडे. तसे कळवणारी ई-पत्रे निघत. पण पाठवणाऱ्याची खात्री पटवणारी खूण त्यांवर नसल्याने ती नाकारली जात. म्हणजे बिघाडही होता, इशाराही होता. कळत मात्र कोणालाच नव्हते.

तारले ते योगायोगाने. सुमारे ६ तास आधी वेगळ्याच कामासाठी एक प्रत हाताने काढलेली होती. तिच्यावरून सेवा पूर्ववत व्हायला सुमारे १८ तास लागले. लोकांचे मूळ प्रोग्रॅम वेगळीकडे असल्याने वाचले. मधल्या ६ तासांतील नवी खाती आणि चर्चा मात्र कायमच्या गेल्या. ही सारी हकीकत कंपनीनेच प्रसिद्ध केली, म्हणून आपल्याला तिच्यापासून शिकता येते.

संकटानंतर सावरण्याची योजना आखताना दोन प्रश्नांची उत्तरे आधी ठरवावी लागतात. किती वेळातली माहिती गेली तर चालेल? आणि किती वेळात काम पुन्हा सुरू व्हायला हवे? पहिल्या उत्तरावरून प्रत किती वेळाने काढायची ते ठरते. दुसऱ्यावरून पर्यायी यंत्रे आणि माणसे किती सज्ज ठेवायची ते ठरते. बँकेला काही मिनिटांचीही नोंद गमावणे परवडत नाही. शाळेच्या ग्रंथालयाला एक दिवस कदाचित चालेल.

पण ही उत्तरे कागदावर राहून उपयोग नाही. प्रयोगाने पडताळल्याशिवाय विधान मान्य करू नये, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. ‘आमच्याकडे बॅकअप आहे’ हेही एक विधानच आहे. म्हणून प्रत्येक सत्रात एकदा निकालपत्रकांची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. किती वेळ लागला, शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे आणि काय उघडले नाही, ते विद्यार्थ्यांकडूनच लिहून घ्यावे. चाचणीत उघडी पडलेली त्रुटी स्वस्तात दुरुस्त होते.